माघ ते चैत्र : पाहुणे निघतात, घरचे बोलू लागतात

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिल संपेपर्यंत महाराष्ट्राच्या पक्षिजीवनात जेवढी उलथापालथ होते, तेवढी वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही तीन महिन्यांत होत नाही. हिवाळ्यासाठी आलेले पक्षी पिसारा पालटतात, अंगावर चरबी चढवतात आणि उत्तरेची वाट धरतात. त्याच दिवसांत इथले कायमचे रहिवासी कंठ मोकळा करतात, जोड्या जमवतात, घरट्यांच्या कामाला लागतात. तरीही पक्षीनिरीक्षणाचा हंगाम म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे नोव्हेंबर-डिसेंबरच येतात. राज्याचा पक्षी सप्ताहही ५ ते १२ नोव्हेंबर असा असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सलीम अलींच्या. थंडी ओसरू लागली की बऱ्याच दुर्बिणी कपाटात जातात आणि नाटकाचा दुसरा अंक प्रेक्षकांविना होतो.

युरोपात वसंत हा पक्षी येण्याचा ऋतू आहे. आफ्रिकेत हिवाळा काढलेल्या भिंगऱ्या आणि कोकिळा तिथे एप्रिलमध्ये पोहोचतात, आणि त्यांच्या येण्यावरूनच ऋतू बदलला असे धरले जाते. दख्खनमध्ये हिशेब उलटा आहे. इथला वसंत जाण्याचा ऋतू. पाणथळी, माळ आणि शेते एकेक करून रिकामी होत जातात, आणि त्या रिकामेपणात घरच्या पक्ष्यांचे आवाज अधिक ठळक ऐकू येतात. शिशिराकडून वसंताकडे जाणाऱ्या काळातले पक्षीनिरीक्षण इथे या दोन्ही बाजू एकाच वेळी पाहण्याचे काम आहे.

दिवसाची लांबी

पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस सुमारे ११ तासांचा असतो. २१ मार्चच्या आसपास तो १२ तासांवर येतो आणि एप्रिल संपताना त्यात आणखी पाऊण तासाची भर पडलेली असते. माणसाला हा फरक वीजबिलापलीकडे फारसा जाणवत नाही. पक्ष्याच्या शरीरात मात्र सगळी चक्रे त्यावर फिरतात. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांच्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे दिवस मोजण्यासाठी पक्षी केवळ डोळ्यांवर अवलंबून नसतो. दिवस ठरावीक मर्यादेपलीकडे लांबला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून संप्रेरके सुटतात आणि हिवाळ्यात आक्रसून गेलेली जननेंद्रिये पुन्हा वाढू लागतात. लहान पक्ष्यांत ही वाढ वजनाने शेकडो पटींची असू शकते. उडणाऱ्या जिवाला वर्षभर ते ओझे वाहणे परवडत नाही, म्हणून ही हंगामी व्यवस्था.

हे पहिल्यांदा प्रयोगाने दाखवले ते कॅनडातल्या विल्यम रोवन यांनी, १९२०च्या दशकात. त्यांनी जुंको जातीच्या लहान पक्ष्यांना भर हिवाळ्यात विजेच्या दिव्यांखाली ठेवून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवला. बाहेर कडाक्याची थंडी असूनही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतातल्यासारखी वाढली. त्यामुळे ऋतुबदलाचा मुख्य इशारा उबेकडून नव्हे, उजेडाकडून मिळतो हे स्पष्ट झाले. भारतात या विषयावरचे बरेचसे काम काळ्या डोक्याच्या आणि लाल डोक्याच्या भारिटांवर झाले आहे. पिंजऱ्यातल्या भारिटालाही दिवस लांबल्यावर भूक अनावर होते, कातडीखाली चरबीचे पिवळट थर साचतात, आणि एरवी रात्री निवांत झोपणारा हा पक्षी अंधार पडल्यावर पंख फडफडवत येरझारा घालू लागतो. निघण्याची ही ओढ त्याला कोणी शिकवलेली नसते.

रहिवासी पक्ष्यांचे गणित थोडे वेगळे आहे. उष्ण कटिबंधात दिवसाच्या लांबीतला फरक थोडा असतो, म्हणून इथले पक्षी त्या इशाऱ्याला पाऊस, फळे, किडे आणि पाण्याची पातळी यांची जोड देतात. परिणामी इथे सगळ्या पक्ष्यांचा विणीचा एकच हंगाम नसतो. घारी थंडीतच अंड्यांवर बसतात, तांबट माघ-फाल्गुनात पोखरकामाला लागतो, सुगरण पावसाची वाट पाहते.

पाणी ओसरते तसे

ऋतुबदल पाहण्यासाठी महाराष्ट्रातली सर्वांत सोयीची जागा म्हणजे उजनीचा फुगवटा. भीमेवरचे हे धरण १९८०मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी भिगवण, कुंभारगाव, डिकसळपर्यंत पसरले. हा जलाशय पावसाळ्यानंतर काठोकाठ भरतो आणि सिंचनासाठी पाणी सुटत जाते तसा उतरत जातो. जानेवारी ते एप्रिल या काळात दर आठवड्याला काठाची नवी पट्टी उघडी पडते. तिच्यातल्या चिखलात किडे, शंख-शिंपले आणि वनस्पतींचे कंद असतात. म्हणून पाणी भरपूर असलेल्या वर्षी मोठे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे उशिरा उतरतात. त्यांना उभे राहून गाळ चाळता येईल एवढे उथळ पाणी हवे असते. पर्यटकांना हे कळत नाही आणि ते डिसेंबरातच रोहित दाखवा म्हणून नावाड्यांच्या मागे लागतात. पूर्वी केवळ मासेमारी करणारे इथले नावाडी आता पक्ष्यांची नावे आणि जागा बिनचूक सांगतात.

बदके सर्वांत आधी निघतात. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, गडवाल यांचे नर हिवाळ्यातच विणीच्या पिसाऱ्यात असतात आणि जोड्याही इथेच जमतात. फेब्रुवारीच्या सकाळी एका मादीभोवती चार-पाच तलवार बदके मान ताणून, शेपटी उचलून पोहताना दिसली तर ती स्वयंवराची गडबड समजावी. भुवई बदक याला अपवाद आहे. शरदात ते लवकर येते खरे, पण त्याचा नर जानेवारीपर्यंत मादीसारखाच मळकट असतो आणि नंतर डोळ्यावरची पांढरी भुवई झळकू लागते. चक्रवाकांच्या जोड्या मार्चच्या मध्यापर्यंत विरळ होतात. ते लडाख-तिबेटकडच्या उंच पठारांवर जातात.

पट्टकादंबाला, ज्याला बरेच लोक राजहंस म्हणतात, तिबेट-मंगोलियाकडे जाण्यासाठी हिमालय ओलांडावा लागतो. पाठीवर यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासांत हे पक्षी ७,००० मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद आहे. अशा उंचीवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी असतो. त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट पकडते, फुप्फुसे मोठी असतात, आणि शक्यतो रात्री व पहाटेच्या थंड, दाट हवेत ते उडतात. सरळ एका उंचीवर न जाता डोंगराच्या चढउतारांबरोबर खालीवर होत जाण्याची त्यांची पद्धतही ताकद वाचवण्यासाठीच असते. जायकवाडीच्या काठावर हरभऱ्याच्या शेतात चरणारा कादंब पाहताना पुढच्या महिन्यातला हा प्रवास ध्यानात घेतला तर त्याचे खादाडपण समजून घेता येते.

चिखलातले पक्षी अधिक काळ रेंगाळतात आणि त्यांच्यातला बदल पाहण्याजोगा असतो. हिवाळ्यात सगळे करड्या-तपकिरी रंगाचे, एकमेकांसारखे; नवशिक्या निरीक्षकाचा धीर सुटतो तो इथेच. मार्च उजाडला की मालगुजा, म्हणजे गॉडविट, मानेपासून छातीपर्यंत विटकरी होऊ लागतो. छोट्या टिलव्याच्या पाठीवर तांबूस कडा उमटतात. सोन चिखल्याचे पोट काळे पडत जाते आणि एप्रिलमधला सोन चिखल्या जानेवारीतल्यापेक्षा वेगळीच जात वाटावी असा दिसतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या कानामागे हिवाळ्यात केवळ एक गडद ठिपका असतो, तो पसरत पसरत मार्चमध्ये पूर्ण टोपी होतो. हे कुरव नावेभोवती शेव-गाठींसाठी घिरट्या घालतात आणि लोक हौसेने त्यांना खाऊ घालतात. दूरवरून आलेल्या पक्ष्याला तळणीची सवय लावण्यात कोणते पक्षिप्रेम आहे, हे त्या नावांवर विचारायला हवे.

धोब्यांचा पालट तर पक्षीनिरीक्षकांसाठी परीक्षेचा पेपर असतो. पिवळा धोबी हिवाळ्यात कुठल्या उपजातीचा हे ओळखणे जवळपास अशक्य. मार्च-एप्रिलमध्ये नरांची डोकी राखाडी, निळसर-करडी किंवा काळीभोर होतात आणि एकाच गवताळ काठावर दूरदूरच्या प्रदेशांतले पाहुणे वेगवेगळे ओळखू येतात. पिवळ्या डोक्याचा धोबी याच वेळी आपले नाव सार्थ करतो. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर हे पाहण्यासाठी उत्तम. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखालच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेला हा गाळाचा, बेटांचा प्रदेश १९८६पासून अभयारण्य आहे आणि २०२०मध्ये पाणथळींच्या रामसर यादीत आलेले ते महाराष्ट्रातले पहिले ठिकाण. तिथल्या लव्हाळ्यात शंकर पक्ष्याच्या नराचा गळा फेब्रुवारीपासून निळा-तांबडा होऊ लागतो. नोव्हेंबरात आलेल्यांना तो अर्धवटच दिसलेला असतो.

माळ आणि ज्वारी

गुलाबी मैना, म्हणजेच भोरडी, या साऱ्या पाहुण्यांत मराठी शेतकऱ्याच्या सर्वांत ओळखीची. रब्बी ज्वारी निसवल्यापासून हुरड्याच्या दिवसांपर्यंत आणि पुढे खळे होईपर्यंत भोरड्यांचे थवे कणसांवर उतरतात. शेतात माळा घालून, गोफण फिरवत, पत्र्याचा डबा बडवत राखण करण्याची रीत त्यांच्यामुळेच टिकून होती. तरीही भोरडी निव्वळ दाण्यावर जगत नाही; टोळ आणि नाकतोडे हे तिचे आवडते खाद्य, आणि मध्य आशियात विणीच्या काळात तिची पिल्ले त्यांच्यावरच पोसली जातात. चीनच्या शिनज्यांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून या पक्ष्यांसाठी मुद्दाम दगडांची घरटी रचून दिली जातात. एकाच पक्ष्याला एका देशात गोफण आणि दुसऱ्या देशात घर मिळते, ते हंगामाच्या फरकामुळे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये भोरड्या संध्याकाळी ठरलेल्या बाभळवनात किंवा उसाच्या फडात मुक्कामाला जमतात. मुक्कामापूर्वीचा अर्धा-पाऊण तास हजारो पक्षी एकत्र वळतात, आक्रसतात, पसरतात. ससाणा घुसला की थव्याचा आकार क्षणात बदलतो. प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या मोजक्या शेजाऱ्यांच्या हालचालीवर लक्ष ठेवून वळतो. त्यातून सारा थवा एकजीव असल्यासारखा हलतो, त्याला म्होरक्या लागत नाही. याच काळात भोरडीचा रंग उजळतो, आणि तो नवीन पिसे येऊन नव्हे. शरदात उगवलेल्या पिसांच्या टोकांना मातकट किनार असते. ती झिजत गेली की खालचा गुलाबी आणि चमकदार काळा रंग उघडा पडतो. चिमणीच्या नराचा काळा गळपट्टाही असाच झिजेतून गडद होतो. मालगुज्याचा किंवा धोब्याचा पालट पिसे झडून नवी येण्याने होतो, भोरडीचा झिजेने. निरीक्षकाने हे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत.

ज्वारी निघाल्यावर गव्हाच्या शेतांत आणि कुंपणांवर काळ्या डोक्याचे भारीट बसलेले दिसतात. मार्चअखेर त्यांची पिवळीधमक पोटे झाडाला फुले लागल्यासारखी वाटतात, आणि एखाद्या सकाळी सगळे झाड रिकामे असते. ते इराण, तुर्कस्तान आणि आग्नेय युरोपाकडे गेलेले असतात. म्हणजे भारिटांची परतीची दिशा उत्तर नसून वायव्य आहे.

माळरानावर भोवत्यांचे, म्हणजे हॅरियरचे, दिवसही याच वेळी संपतात. पांढुरका भोवत्या आणि मॉन्टेग्यूचा भोवत्या रात्री गवतात, जमिनीवर, अनेक जण मिळून झोपतात. सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या गवताळ पट्ट्यांत सूर्यास्ताच्या सुमारास ते एकेक करून उतरताना दिसतात. मार्चपासून त्यांची संख्या घटत जाते. नेमक्या त्याच वेळी माळाला वणवे लागतात. काही अपघाताने, बरेचसे नवे गवत चांगले फुटते या समजुतीने लावलेले. वणव्याच्या कडेला कोतवाल, नीलपंख आणि घारी पळणारे किडे टिपतात आणि छायाचित्रे छान मिळतात. पण जमिनीवर अंडी घालणाऱ्यांचा हंगाम तेव्हा सुरू झालेला असतो. पखुर्डीची अंडी उघड्या मातीतल्या खळग्यात असतात. तिचा नर सकाळी पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि त्या पिसांत धरलेले पाणी पिल्लांपर्यंत उडत नेतो. स्पंजासारखे पाणी धरणारी अशी पिसे फार थोड्या पक्ष्यांकडे आहेत. डोंबारी, हा चिमणीएवढा चंडोल, फेब्रुवारीपासून हवेत चढून पंख मिटत सूर मारतो, जमिनीच्या जरा वर सावरतो आणि पुन्हा चढतो. चैत्रातल्या उन्हात पडीक रानाला जी जाग असते ती अशांमुळे.

बहरलेल्या झाडाखाली

पानगळीच्या रानात फेब्रुवारीत फिरण्यापेक्षा बसणे फायद्याचे. जानेवारीच्या मध्यापासून काटेसावर, मग पांगारा आणि पळस फुलतात. तिन्ही झाडे निष्पर्ण असताना फुलतात, तिन्हींची फुले लाल-केशरी, आणि तिन्हींमध्ये मध भरपूर. कोरड्या दिवसांत हा मध पक्ष्यांना अन्न आणि पाणी दोन्ही पुरवतो. काटेसावरीच्या जाड वाटीसारख्या फुलात भोरडी किंवा मैना डोके खुपसते तेव्हा तिच्या कपाळाला पराग चिकटतात आणि पुढच्या झाडाला पोहोचतात. पळसाच्या फुलात शिंजीर नीट समोरून चोच घालतो, पोपट मात्र फूल तोडून चिरडतो आणि मध चाखून टाकून देतो. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान एका बहरलेल्या सावरीवर साळुंक्या, भांगपाडी मैना, कोतवाल, हिवाळी पाहुणा राखी कोतवाल, बुलबुल, हळद्या, टकाचोर, हरेवा, चष्मेवाला असे सगळे येऊन जातात, आणि कोतवाल बाकीच्यांना हुसकावण्यातच निम्मा वेळ घालवतो.

जांभळ्या शिंजिराचा नर विणीनंतर आपला चमकदार वेष उतरवतो. तेव्हा तो मादीसारखा पिवळट दिसतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक गडद रेघ उरते. माघात त्याच्यावर पुन्हा जांभळे ठिपके उमटतात. अर्धा पिवळा, अर्धा जांभळा असा शिंजीर दिसला की ऋतू कुठवर आला हे कॅलेंडर न पाहता सांगता येते.

आंब्याच्या मोहोरावर वेगळीच मंडळी असते. मोहोरावरचे तुडतुडे आणि माश्या टिपणारे पर्ण वटवट्ये हिरवट, लहान, क्षणभर न थांबणारे. नजरेने ओळखण्यापेक्षा त्यांचा आवाज लक्षात ठेवणे बरे. हिरवट वटवट्या एप्रिलअखेरपर्यंत थांबतो आणि निघण्यापूर्वी अधूनमधून गातोही. झुडपातून 'टक्, टक्' करणारा बोरू वटवट्या महिनोन्महिने फक्त तेवढेच बोलतो. मार्चअखेरपासून मात्र तो हलक्या आवाजात लांबलचक गाणे गुणगुणतो, ज्यात दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला असतात. खरे गाणे तो उत्तरेला जाऊन म्हणतो, इथे तालीम.

कंठ फुटतो

शहरातल्या माणसाला ऋतुबदल ऐकू येतो तो तांबटाकडून. थंडीत जवळपास मुका असलेला हा पक्षी फेब्रुवारीत ऊन तापू लागताच 'टुक्-टुक्' सुरू करतो. वेग मिनिटाला शंभराच्या आसपास, आणि उन्हाच्या चढत्या पाऱ्याबरोबर तो अधिकच चिवट होतो. तांबट वाळक्या, कुजक्या फांदीत भोक कोरतो. शेवगा, पांगारा, गुलमोहर अशा मऊ लाकडाची झाडे त्याला पसंत. पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्या छाटण्याची नगरपालिकांची मोहीम मार्च-एप्रिलमध्ये येते आणि तिच्यात पहिला नंबर याच वाळक्या फांद्यांचा लागतो. तांबट आणि सुतारांनी कोरून सोडलेल्या ढोल्यांत पुढे दयाळ आणि मैना घर करतात, त्यामुळे एक वाळकी फांदी गेली की अनेक वर्षांची भाडेकरूंची रांग मोडते.

दयाळाचा नर मार्चमध्ये पहाटे साडेपाचलाच टीव्हीच्या अँटेनावर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून गाऊ लागतो. हिवाळाभर तो अंगणातच असतो, फक्त गप्प. म्हणून अनेकांना तो उन्हाळ्यात बाहेरून येतो असे वाटते. कोकीळही असाच. तो कुठेही गेलेला नसतो, वडा-पिंपळाची फळे खात दडून असतो. फाल्गुनात त्याचा आवाज आधी तुटक, घशात अडकल्यासारखा येतो आणि पंधरा दिवसांत चढत्या 'कुऊ'वर स्थिरावतो. गातो तो काळा नर. ठिपक्यांची मादी 'किक्-किक्' एवढेच ओरडते. कावळ्यांची घरटी एप्रिलपासून पुढे, आणि कोकिळेची अंडी त्यांच्यात, त्यामुळे दोघांचे वेळापत्रक बांधलेले असते. शहरात कावळे वाढले, फळझाडे आली, तसे कोकीळही वाढले. देशभरातल्या नोंदींवर आधारित २०२३च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालातही वाढत्या पक्ष्यांत कोकीळ आणि मोर यांची नावे आहेत, तर घटणाऱ्यांत हिवाळी पाणपक्षी आणि चिखलातले स्थलांतरित मोठ्या संख्येने आहेत. ९४२ जातींच्या त्या पाहणीत १७८ जातींना तातडीच्या संरक्षणाची गरज असल्याचे म्हटले आहे. शहरी वसंत अधिक बोलका होत असताना पाणथळींवरची परत जाणारी गर्दी पातळ होते आहे, असा त्याचा महाराष्ट्रापुरता अर्थ लावता येतो.

पावशाबद्दल एक दुरुस्ती हवी. 'पेरते व्हा' असे तो सांगतो आणि पाऊस जवळ आला की बोलतो, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात त्याचे ओरडणे मार्चमध्येच सुरू होते, पेरणीला तीन महिने बाकी असताना. पावसाशी ज्याचे येणे खरोखर जुळते तो चातक. तो मेअखेरीस किंवा जूनमध्ये येतो.

ढोलीतली, कड्यावरची, वाळूतली

विणीचा हंगाम सुरू होतो तो गाण्याच्या कितीतरी आधी. घारी डिसेंबर-जानेवारीतच काड्या गोळा करताना दिसतात, आणि मकरसंक्रांतीचा नायलॉनचा मांजा त्यांच्या याच दिवसांत आडवा येतो. सह्याद्रीच्या कड्यांवर आणि कोकणातल्या मोठ्या झाडांवर गिधाडांची अंडी ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्ले कड्याच्या काठावर पंख फडफडवू लागतात. एका जोडीला वर्षाला एकच अंडे, त्यामुळे ते एक पिल्लू उडाले की नाही याची नोंद मोलाची.

धनेशाची वीण मात्र या काळातले खरे आश्चर्य. आंबोली, तिळारी, गोव्यातले म्हादईचे खोरे इथे महाधनेश जानेवारी-फेब्रुवारीत ढोल्या तपासू लागतो. मादी ढोलीत शिरते आणि आपल्या विष्ठेने व फळांच्या लगद्याने तोंड लिंपून घेते; चोच जाईल एवढी उभी फट राखते. आत ती उडण्याची पिसे झाडते, म्हणजे काही आठवडे ती उडूच शकत नाही. नर उंबर, वड, जायफळ कुळातली फळे गळ्यात भरून आणतो आणि फटीतून एकेक देतो. नराचे काही बरेवाईट झाले तर आतली मादी आणि पिल्ले धोक्यात येतात. म्हणून शिकारी आणि अतिउत्साही छायाचित्रकार दोघेही इथे सारखेच घातक. कोकणात मलबारी कवड्या धनेश देवरायांतल्या आणि खासगी रानांतल्या जुन्या झाडांवर वीण करतो, आणि अशी झाडे लाकडासाठी विकली जाण्याची भीती सतत असते. राखी धनेश सर्वांत उशिरा, एप्रिलच्या सुमारास. तो पुण्यातल्या टेकड्यांवर आणि महाविद्यालयांच्या आवारांतही ढोली शोधतो.

नद्यांचे पाणी ओसरून वाळूची बेटे उघडी पडली की नदी सुरय तिथे अंडी घालतात. भीमा, गोदावरी आणि विदर्भातल्या नद्यांवर फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा काळ. अंडी वाळूच्याच रंगाची, खळगा बोटभर. वरून कालव्यासाठी किंवा नदीपात्रात अचानक पाणी सोडले की एका रात्रीत सगळी वसाहत वाहून जाते. वाळूउपशाचे ट्रॅक्टर, मोकाट कुत्री हे वेगळेच. टिटवी त्या मानाने चतुर. ती शेताच्या बांधावर, खडीच्या ढिगावर, प्रसंगी घराच्या गच्चीवरही अंडी घालते आणि माणूस जवळ आला की लंगडल्यासारखे करून त्याला दूर नेते.

खाडीकाठ

मुंबई परिसरात हा सगळा बदल ठाणे खाडीत एकवटतो. छोटे रोहित इथे १९९०च्या दशकापासून मोठ्या संख्येने येऊ लागले. शिवडीच्या चिखलात ते आधी लोकांच्या नजरेत भरले. पुढे २०१५मध्ये खाडीचा भाग रोहित अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये रामसर यादीत गेला. खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढते आणि ते शेवाळ त्यांचे अन्न. महानगराची घाण आणि हे देखणे दृश्य यांचा असा संबंध आहे. भरतीला ते चिखल सोडून नवी मुंबईतल्या पाणथळींवर विश्रांतीला जातात, म्हणून खाडी राखून पाणथळी बुजवल्या तर अर्धेच संरक्षण होते. मे २०२४मध्ये घाटकोपर परिसरात उतरत्या विमानाची धडक बसून जवळपास चाळीस रोहित मेले, तेव्हा त्यांच्या रात्रीच्या ये-जा करण्याकडे साऱ्यांचे लक्ष गेले.

रोहित उत्तरेच्या पाहुण्यांसारखे मार्चमध्ये निघत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांची संख्या भरात असते, आणि मेअखेर-जूनमध्ये पाऊस तोंडावर आल्यावर ते गुजरातकडे, कच्छच्या रणाकडे वळतात. रण पावसाच्या पाण्याने भरले की त्यांची वीण तिथे होते. स्थलांतर म्हटले की सायबेरिया हे समीकरण या पक्ष्यांपुरते बाजूला ठेवावे लागते.

शेवटची तारीख

पक्षी आल्याची नोंद सोपी असते. पहिला धोबी दिसतो, तारीख लिहिली जाते. गेल्याची नोंद अवघड, कारण शेवटचा धोबी दिसतो तेव्हा तो शेवटचा आहे हे माहीत नसते. त्यासाठी पक्षी 'नाही' हेही दर आठवड्याला लिहावे लागते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून २००७मध्ये सुरू झालेल्या 'मायग्रंटवॉच'ने येण्याजाण्याच्या तारखा गोळा करण्याची सवय लावली आणि पुढे हे काम 'ई-बर्ड' या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर गेले. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७पासून. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवसांची 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असते, ज्यात घराच्या गच्चीवरून पंधरा मिनिटे मोजलेले पक्षीही चालतात. यानंतर मात्र नोंदींचा ओघ आटतो. मार्च-एप्रिलच्या याद्या थोड्या, त्यातही एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन केलेल्या त्याहून थोड्या. हवामान बदलते आहे म्हणून पक्षी लवकर निघतात का, या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर नेमक्या याच याद्या लागतात.

साधने साधीच पुरतात. आठ पटींची, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण, वही, आणि पाणथळीसाठी शक्य झाल्यास स्टँडवरची टेलिस्कोप. मार्चनंतर दहा वाजता हवा थरथरू लागते आणि दूरच्या तुतारी पक्ष्याचे पाय कुठल्या रंगाचे हे कळेनासे होते, म्हणून काम सूर्योदयापासून तीन तासांत आटोपावे. विणीच्या काळात मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर बोलावणे ही वाईट खोड आहे. नर आपली हद्द सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडत बसतो आणि घरटे उघडे पडते.

मे महिन्यातही काठावर काही पाहुणे दिसतात. शिवडीच्या किंवा मालवणच्या चिखलात जूनमध्ये एखादा कुरल, म्हणजे कर्ल्यू, उभा असतो. तो लवकर आलेला नसतो, गेलेलाच नसतो. पहिल्या वर्षाचे बरेच पाणपक्षी वीण करण्याइतके वाढलेले नसतात, म्हणून उन्हाळा इथेच काढतात. आणि त्यांच्याकडे लक्ष जाईपर्यंत परतीची पहिली तुकडी येऊन ठेपते. हिरवी तुतारी जुलैअखेर नाल्याच्या काठी दिसते. भोरड्या मे-जूनमध्ये घाईघाईने वीण उरकून जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये परततात, तेव्हा पिल्ले मळकट तपकिरी आणि थोरांचा गुलाबी रंग विटलेला असतो. वर्षाचे आठ-नऊ महिने भारतात काढणाऱ्या भोरडीला परदेशी म्हणायचे ते केवळ तिचे घरटे तिकडे असते म्हणून.